हुगळीकाठी, उषाच्या जागेवर

बराकपूरच्या घाटावर चित्र काढायला जाणार असाल, तर पोचल्यावर निदान तासभर काहीही करू नका. पेटी उघडू नका, पाटावर कागद ताणू नका, नुसते बसा. मी तसा बसलो नाही आणि तिथल्या नदीने मला लगेच धडा दिला. तो धडा स्वस्तात पडला, एक चित्र गेलं. दुसरी गोष्ट तेवढ्यावर भागण्यासारखी नव्हती. तीही सांगणार आहे. पण आधी जागा दाखवायला हवी, कारण ती जागा अशी आहे की मनात खोट घेऊन आलेला माणूसही तिथे काही वेळ गप्प उभा राहतो.

मी साताऱ्याचा. पाटबंधारे खात्यात नोकरी करतो. मी आणि माझी बायको उषा, दोघंही जलरंगात निसर्गचित्रं काढतो. रविवारी सकाळी स्कूटरला दोन घडीच्या खुर्च्या बांधायच्या आणि कृष्णाकाठी किंवा मेणवलीच्या घाटावर जाऊन बसायचं, हा आमचा लग्नानंतरचा जुना क्रम. चित्रावर सही दोघंही नुसत्या आडनावाची करतो. घर एक, भिंती एक, वेगळं नाव कशाला, असं तेव्हा वाटलं होतं.

बराकपूरच्या पुढे नदीला लागून एका जुन्या जमीनदार घराण्याची बागानबाडी आहे. बागानबाडी म्हणजे शहराच्या उकाड्यातून सुटका म्हणून बांधलेला बागेतला बंगला. तिथे दर हिवाळ्यात आठवडाभर हौशी चित्रकारांना बोलावतात. चित्रांचे फोटो पाठवायचे, पसंत पडले तर आमंत्रण येतं. एका दुपारी आमच्या गच्चीवर दोघांची चित्रं उन्हात मांडून मी मोबाइलवर फोटो काढले आणि त्यातले सहा पाठवले. उषा म्हणाली होती, "माझी नका पाठवू, आईंना टाकून मला थोडंच निघता येणार आहे."

आमंत्रण आलं आणि नेमकं त्याच सुमाराला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. "तुम्ही जा," उषा म्हणाली. "डोळ्यांत थेंब घालायला दोघं कशाला हवेत?" मी निघालो. एकदाही "राहू दे" न म्हणता निघालो.

बागबाजार

कोलकात्यात पहिली रात्र माझ्या मावसभावाकडे काढली. विनायक बँकेत अधिकारी आहे, बदलीवर इथे आलेला. उत्तर कोलकात्यात बागबाजारला राहतो. दार त्याच्या मुलीने उघडलं आणि आपुलकीने विचारलं, "काका, तुम्ही चहा खाणार ना?" वहिनी आतून हसल्या. "इथे चहा, पाणी, सिगारेट, सगळं खातातच. हिचं मराठी आता निम्मं बंगालीतून येतं."

संध्याकाळी विनायकबरोबर पाय मोकळे करायला गेलो. गल्लीच्या तोंडाशी मातीच्या कुल्हडातला चहा पिता पिता तो म्हणाला, "मराठे येतील म्हणून या लोकांनी खंदक खणला होता, तो इथूनच सुरू व्हायचा."

"कुठे आहे?"

"बुजवला. म्हणजे बघ, किती घाबरले होते, आणि आपण आता इथे हप्ते वसूल करायला बसलोय."

जेवताना वहिनींनी विचारलं, "उषाताईंना का नाही आणलंत?"

"आईचं ऑपरेशन झालंय परवा."

"मग तुम्ही थांबायचं होतंत," वहिनी सहज म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. विनायकने विषय बदलला. मला ती पोळी काही केल्या संपेना.

बागानबाडी

सियालदाहून बराकपूरपर्यंतच्या गाडीचं सांगत नाही. स्टेशनवरून टोटो केली, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. छावणीच्या लांबच लांब भिंती मागे पडल्या. मग एक लोखंडी फाटक, आत शिरीषाच्या जातीच्या अवाढव्य झाडांची दुहेरी रांग, आणि त्या रांगेच्या टोकाला पांढरं घर.

घर मी आधी पाहिलंच नाही. घराच्या मधल्या दारातून आरपार पलीकडचं दिसत होतं आणि तिथे काहीतरी राखी रंगाचं, विस्तीर्ण, सरकत होतं. ती नदी आहे हे कळायला मला दोन क्षण लागले. आमच्याकडे नदी खाली असते, वाकून बघावी लागते. इथे ती डोळ्यांच्या रेषेत होती, दाराच्या चौकटीत काठोकाठ भरलेली. पलीकडचा काठ धुक्यात पुसटसा. एक गिरणीची चिमणी, एका देवळाचं शिखर, बाकी सगळं पाणी. मी बॅग हातातच धरून दारातून पुढे गेलो. दोन मजले उंच खांबांच्या व्हरांड्यातून खाली हिरवळ उतरत होती आणि तिच्या शेवटी रुंद घाट. खरंच सांगतो, चित्र काढावंसं वाटलं नाही. चपला काढाव्यात असं वाटलं.

"महाराष्ट्र से?" मागून आवाज आला. "बाप रे! बर्गी आ गया!"

या शिउलीदी. घराण्यातल्या एकुलत्या एक वारस. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आणि हे घर त्यांनी लग्नांना नि शूटिंगला भाड्याने देऊन झकास राखलंय. बर्गी म्हणजे मराठा लुटारू स्वार, इथे लहान मुलांना झोपवताना अजून त्यांचीच भीती घालतात. "चांदी का चम्मच आज से गिन के रखना होगा," त्या नोकराला ओरडून म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "आइए आइए, पहले लुची खाइए. लूट बाद में."

लुची म्हणजे मैद्याची पांढरी पुरी. तिच्याबरोबर बटाट्याची गोडसर भाजी, आणि शेवटी खजुराच्या ताज्या गुळाचा संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई. आपल्याकडे गूळ पोळीत जातो, तिळात जातो. इथे त्याला धुराचा वास असतो आणि तो तोंडात टाकला की लोक बोलायचे थांबतात. मीही थांबलो.

दिवाणखान्यात निवडलेल्यांचं एकेक चित्र मोठं छापून लावलं होतं, खाली नावाची चिठ्ठी. मी आपलं शोधत गेलो. माझं नाव सापडलं. वरचं चित्र उषाचं होतं.

चुना लावलेली भिंत, दुपारचं ऊन आणि भिंतीवर वाळत घातलेल्या साडीची सावली. साडी चित्रात नाहीच. कोपऱ्यात सही, आमचं आडनाव.

"दादा!" माकडटोपी आणि मफलर घातलेले एक वयस्कर गृहस्थ दोन्ही हात पसरून आले. हे दीपंकरदा, निवड करणारे, स्वतः मुरलेले चित्रकार. "ये छाया आपका! साड़ी कहाँ है, साड़ी कहाँ है, सोचते-सोचते मेरा दो दिन चला गया. बाकी पाँच चित्र... अच्छा है, ठीक है. लेकिन आपको बुलाया इसके लिए."

मी म्हणालो, "थँक यू."

एवढंच म्हणालो. ते चित्र पाठवताना मला माहीत होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. गच्चीवर ऊन डोळ्यांवर येत होतं, चित्रं शेजारी शेजारी होती, सही एकच. चूक होऊ शकते. पण फोटो निवडताना ते चित्र मला इतरांपेक्षा जास्त आवडलं होतं, हेही आठवतं. आपलं चित्र आपल्याला ओळखू येत नाही असं होतं का? ते जाऊ द्या. दिवाणखान्यात मात्र चूक नव्हती. तिथे तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता.

घाट

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. सगळे चहा घेत होते तेवढ्यात मी खुर्ची, पाट, रंग घेऊन घाटावर उतरलो. मला घाई होती. उषाइतकं चांगलं काहीतरी आपल्या हातून व्हावं आणि मग बोलायची वेळच येऊ नये, असा माझा हिशोब होता.

पार खालच्या पायरीवर बसलो. पायऱ्या ओल्या आणि गाळाने निसरड्या होत्या, मला वाटलं दव असेल. घाटाच्या बुरुजावर माझ्या डोक्याच्याही वर एक गर्द आडवा पट्टा होता. मी तो मोठ्या आवडीने रंगवला, खाली शेवाळी, वर फिकट विटकरी. धरणाच्या भिंतीवर असे पाण्याचे पट्टे वाचण्यात माझा जन्म गेला. इथे तो पट्टा मला फक्त सुंदर दिसला.

जलपर्णीचे हिरवे पुंजके माझ्या डावीकडे, समुद्राच्या दिशेने चालले होते. एका पुंजक्यावर पांढरा बगळा उभा राहून फुकट प्रवास करत होता. होड्या, धुकं, पाण्यावरचा तो मोत्याच्या पाठीसारखा उजेड. मी रंगाचा पहिला थर टाकला आणि वाट बघत बसलो. आमच्याकडे जानेवारीत कागद बघता बघता सुकतो. इथे तो सुकेचना. हवाच ओली. वरून जलखाबार, म्हणजे न्याहारी, तयार असल्याची हाक आली. चित्र पाटावर तसंच सुकत ठेवून मी वर गेलो.

परत आलो तेव्हा मी बसलो होतो ती पायरी नव्हती. तिच्या वरचीही नव्हती. खुर्ची गुडघाभर पाण्यात कलती उभी होती, रंगांची पेटी आणखी वरच्या पायरीवर ठेवली होती म्हणून वाचली. पाट पाण्यावर तरंगत निघाला होता आणि त्यावर माझं चित्र. मी वाकून हात लांब केला, पोचला नाही. मग माझं लक्ष गेलं की पाट उजवीकडे चालला आहे. जलपर्णीही उजवीकडे. होड्यांची नाकंही फिरली होती. अख्खी नदी, पलीकडच्या काठापर्यंत, जिथून आली तिकडे परत निघाली होती.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. वरच्या पायरीवर शिउलीदी येऊन उभ्या होत्या, हातात चहाचा कप.

"जोआर," त्या म्हणाल्या. "भरती. समुद्र यहाँ तक आता है, दिन में दो बार. आपको मालूम नहीं था?"

"नाही."

"आप कौन से डिपार्टमेंट में हैं, बताया था?"

"इरिगेशन," मी म्हणालो.

त्यांना इतकं हसू आलं की कप खाली ठेवावा लागला. "भगवान महाराष्ट्र को बचाए," त्या म्हणाल्या.

मीही हसलो, पण हसू फार वेळ टिकलं नाही. पाट लहान होत होत धुक्यात गेला आणि मी पायरीवर तसाच बसून राहिलो. आमची कृष्णा कधी थांबत नाही, वळत तर नाहीच. इथे इतकं मोठं पाणी कुणाला न विचारता दिशा बदलतं, आणि आवाजसुद्धा करत नाही. पायऱ्यांना हलकेच चाटत ते एकेक पायरी चढत होतं. दुपार झाली. एका क्षणी सगळं थांबलं. जलपर्णी जागच्या जागी. बगळा जागच्या जागी. नदीने जणू श्वास धरला होता. माझ्या अंगावर काटा आला. मग एक पुंजका अगदी हळू डावीकडे वळला, त्याच्यामागून दुसरा, आणि पाणी उतरायला लागलं. पलीकडच्या काठावर ऊन कलतं झालं, गिरणीची चिमणी जांभळी झाली, कुठेतरी शंख वाजला. माझ्या मांडीवर कोरा कागद होता आणि मला त्याची आठवणही नव्हती.

उषा पहिल्यापासून अशीच बसली असती. तिची रीतच ती. कुठेही गेलो की ती आधी नुसती बघत बसते, आणि मी पहिला थर देऊन मोकळा झालेला असतो. "सूर्य काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" असं मी दर रविवारी म्हणतो. ती काही बोलत नाही. सूर्य कुठे जाणार आहे ते ती बघत असते. म्हणून तिला साडी न काढता साडीची सावली काढता येते.

अंधार पडायच्या आत दीपंकरदा हिरवळीवर भेटले. "कल सुबह पीछे के बरामदे में खंभों का छाया बहुत सुंदर पड़ता है. सबको दिखाइए ना दादा, कैसे करते हैं. सबको बोल दिया है."

खोलीत जाऊन उषाला फोन लावला. ती म्हणाली, "आई मजेत आहेत. म्हणतात, उषा, तू इतकी गोरी आहेस हे मला माहीतच नव्हतं." आम्ही दोघंही हसलो. "तुमचं कसं चाललंय?" मी म्हणालो, "नदी फार मोठी आहे." ती म्हणाली, "दमलात वाटतं. झोपा."

मागचा व्हरांडा

सकाळी सगळे खुर्च्या टाकून गोल बसले होते. खांबांच्या सावल्या लाल फरशीवरून भिंतीवर चढल्या होत्या. कडा निळसर, पोट ऊबदार तपकिरी. मी ब्रश पाण्यात बुडवला. कागदावर टेकवणार तेवढ्यात दीपंकरदांनी मान पुढे काढली, लहान मुलासारखी. त्यांच्या त्या उत्सुक चेहऱ्याकडे बघवेना. मी ब्रश खाली ठेवला.

"वो चित्र मेरा नहीं है," मी म्हणालो. "मेरी पत्नी का है. मेरे नाम से चला गया. परसों देखा, तब भी मैंने बताया नहीं."

झाडावर पोपटांचा कलकलाट चालू होता.

"वो कहाँ हैं?" दीपंकरदांनी विचारलं.

"घर पे. मेरी माँ की आँख का ऑपरेशन हुआ है. वो देख रही हैं."

"आपकी माँ," शिउलीदी म्हणाल्या. "और देख रही हैं वो. और चित्र भी उनका." त्यांनी मान हलवली. "बर्गी लोग तो फिर भी दूसरों का घर लूटता था, दादा. आपने तो अपना ही लूट लिया."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. माझे कान तापले होते. पण खरं सांगू का, छातीवरचं काहीतरी खाली उतरलं होतं. दीपंकरदांनी माकडटोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"अभी चार दिन बाकी है," ते म्हणाले. "उनको बुलाइए."

"और आप जाइए," शिउलीदी म्हणाल्या. "आपकी माँ हैं."

मी बागेत जाऊन फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे आमच्या स्वयंपाकघरातला पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"कुठलं चित्र?" उषाने विचारलं.

"साडीच्या सावलीचं."

"ते तुम्हाला आवडलं नव्हतं. साडी राहिली की, म्हणाला होतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चुकून गेलं?"

"मला माहीत नाही, उषा."

पुन्हा पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, "कुठे लावलंय?"

"दिवाणखान्यात."

"उजेड कुठून येतो त्याच्यावर?"

"उत्तरेच्या खिडकीतून. सरळ ऊन पडत नाही."

"बरं." थोडं थांबून ती म्हणाली, "येते मी. पण येते म्हणजे आपलं मिटलं असं समजू नका. आल्यावर बोलू. आणि थेंबांच्या बाटल्या दोन आहेत. पांढऱ्या झाकणाची आधी, मग पाच मिनिटं थांबायचं, मग निळी. तुम्ही थांबत नाही, म्हणून सांगते."

परत दिवाणखान्यात आलो तेव्हा शिउलीदी चित्राखालची चिठ्ठी बदलत होत्या. उषाचं पूर्ण नाव त्यांनी विचारलं आणि मी एकेक अक्षर सांगितलं. दुपारभर मी घाटावर बसलो, सर्वांत वरच्या पायरीवर, रंग न उघडता. भरती आली, थांबली, वळली. दुसऱ्यांदा बघताना ती जास्तच थोर वाटली. पहिल्यांदा मी दचकलो होतो, आता मी वाट बघत होतो. निघताना दीपंकरदांनी गुळाच्या संदेशाचा खोका हातात दिला. "माँ के लिए," ते म्हणाले. माझ्याशी ते नीट वागले. तसं वागायला मी काही त्यांना कारण दिलं नव्हतं.

पुणे

मी उतरलो आणि उषाचं विमान सुटायला अजून वेळ होता. ती साताऱ्याहून भल्या सकाळी आली होती, शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून. विमानतळाच्या दाराबाहेर खांद्यावर रंगांची पेटी घेऊन उभी होती. नवीन साडी नेसली होती. तिच्या लग्नाआधीच्या नावानं कुणी हाक मारली तर वळेल अशी ती अनोळखी दिसत होती.

"आई बऱ्या आहेत," ती म्हणाली. "सकाळचे थेंब झालेत."

"उषा, तिथे ती नदी आहे ना..."

"थांबा. सांगू नका."

"अगं, निदान बसायचं कुठे..."

"तेही नको." ती पेटीचा पट्टा आवळत होती. आवाजात राग नव्हता. "मला पहिल्यांदा बघू दे. तुम्ही सांगितलंत की मी तुमचंच बघेन."

मी तोंड मिटलं. तिने ओळखपत्र काढलं, दारावरच्या जवानाला दाखवलं आणि आत गेली.

साताऱ्याला पोचलो तेव्हा आई खाटेवर बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. मी हात धुतले. पांढऱ्या झाकणाची बाटली घेतली, थेंब घातला आणि खाटेच्या कडेला बसून राहिलो.

"झालं का रे?" आई म्हणाली.

"नाही. अजून थांबायचंय."

"मग तोवर सांग की. काय काय पाहिलंस तिकडे?"

"उषा आली की सांगेल," मी म्हणालो.

ती आली, तिने आईला आणि मला सगळं सांगितलं, दोन संध्याकाळी लागल्या त्याला. ते ऐकून झाल्यावर मी हे लिहायला घेतलं.